श्वास मोजायचे की कॉल?

१० ऑक्टोबर हा जागतिक मानसिक आरोग्य दिन. त्या आठवड्यात रुग्णालयांत भित्तिपत्रकं लागतात, व्याख्यानं होतात आणि अलीकडे कर्मचाऱ्यांसाठीही एखादं सत्र ठेवलं जातं. त्यात श्वसन असतं, ध्यान असतं, कधी हास्ययोग असतो. दुसऱ्या दिवसापासून ड्यूटी-लिस्ट होती तशीच चालू राहते. मनाचे आजार पाहणाऱ्यांनी स्वतःचं मन शाबूत कसं ठेवावं, या प्रश्नावर या क्षेत्रात सरळ दोन तट आहेत. एक म्हणतो, रोजच्या छोट्या सवयी लावून घ्या. दुसरा म्हणतो, सवयी कसल्या लावता, आधी माणसं भरा. हे दोन तट इथे समोरासमोर बसवले आहेत. एक आहेत सिस्टर, सरकारी मनोरुग्णालयातून इन्चार्ज म्हणून निवृत्त झालेल्या. दुसरी आहे समुपदेशक, तिशीच्या आतली, फोनवरच्या हेल्पलाइनवर काम करणारी. दोघी कल्पित आहेत. त्यांचे मुद्दे मात्र वॉर्डांत आणि कॉलच्या टेबलांवर नेहमी ऐकू येणारे आहेत.

समुपदेशक: सिस्टर, आमच्याकडे ‘रोजची पंधरा मिनिटं स्वतःसाठी’ असा उपक्रम सुरू झालाय. मला बरा वाटला. तुम्ही मात्र ऐकताक्षणी हसलात.

सिस्टर: हसले, कारण ती पंधरा मिनिटं कुठली ते तू सांगितलं नाहीस. ड्यूटीतली की घरची?

समुपदेशक: घरची. सकाळी उठल्यावर, नाहीतर रात्री झोपण्याआधी.

सिस्टर: म्हणजे दमवायचं कामाने आणि विश्रांती आणायची घरून. आम्हाला गणवेश धुवायला भत्ता तरी मिळायचा गं. मन धुवायला तोही नाही.

समुपदेशक: तुम्ही थट्टा करताय. पण माझा दिवस कसा जातो, ते ऐका. एक मुलगा फोनवर रडतो, चाळीस मिनिटं बोलतो, शेवटी गच्चीवरून खाली उतरायला तयार होतो. फोन ठेवला की लगेच दुसरा. त्यात एक गृहस्थ नुसते शिव्या देतात. तिसऱ्यात कोणी बोलतच नाही, फक्त श्वास ऐकू येतो. तो ठेवला जाईपर्यंत मला तिथंच थांबायचं असतं. या तिन्ही कॉलच्या मध्ये मी दोन लांब श्वास घेतले, पाय जमिनीवर टेकवून बसले, घोटभर पाणी प्यायले, तर चौथ्याशी मी माणसासारखी बोलू शकते. नाही घेतले, तर गच्चीवरच्या मुलाची भीती त्या चौथ्याच्या कॉलमध्ये शिरते.

सिस्टर: ते मला मान्य आहे. तू श्वास घे, पाणी पी. माझा प्रश्न वेगळा आहे. तीन कॉलच्या मध्ये तुला दोन श्वासांपुरतीच जागा का मिळते? ती जागा कोणी ठरवली?

समुपदेशक: कॉल वाढलेत, सिस्टर. केंद्र सरकारची टेलि-मानस सेवा १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली, १४४१६ हा तिचा नंबर. पहिल्या दोन वर्षांतच तिथे दहा लाखांवर कॉल आले. लोक बोलायला लागलेत ही चांगलीच गोष्ट आहे. ऐकणारे मात्र त्या प्रमाणात वाढलेले नाहीत. संसदेच्या आरोग्यविषयक स्थायी समितीने २०२३ च्या अहवालात नोंदवलं होतं की देशात लाख लोकसंख्येमागे ०.७५ मानसोपचारतज्ज्ञ आहेत. लाखामागे पुरता एकसुद्धा नाही.

सिस्टर: मग झालं तर. तूच माझी बाजू मांडलीस. जागतिक आरोग्य संघटनेनं बर्नआउटबद्दल काय लिहिलंय, तेही सांग.

समुपदेशक: २०१९ मध्ये मंजूर झालेल्या आयसीडी-११ या वर्गीकरणात त्याची नोंद आहे. तो आजार म्हणून धरलेला नाही, कामाशी निगडित स्थिती म्हणून धरलाय. कामाच्या ठिकाणचा दीर्घकाळचा ताण नीट हाताळला गेला नाही, की ती स्थिती येते. खुणा तीन. अंगातली शक्ती संपल्यासारखं वाटतं. कामापासून मन तुटतं, त्याबद्दल कडवटपणा येतो. आणि आपल्या हातून काही धड होत नाही, असं वाटू लागतं.

सिस्टर: ‘कामाच्या ठिकाणचा ताण.’ सासूचा नाही, लोकलच्या गर्दीचा नाही. कामाच्या ठिकाणचा. मग उपाय तुझ्या गादीवर का शोधायचा?

समुपदेशक: कारण कामाची जागा बदलायला वर्षं लागतात आणि मला आज रात्री झोपायचंय. छप्पर गळतं तेव्हा पत्रा बदलायलाच हवा, पण तो बदलेपर्यंत बादली ठेवावी लागते.

सिस्टर: लागते. पण बादली ठेवली की पत्र्याची घाई सगळ्यांचीच संपते, हे मी नोकरीभर पाहिलंय. बरं, हे बर्नआउट पहिल्यांदा मांडलं कोणी, आठवतं?

समुपदेशक: हर्बर्ट फ्रॉयडनबर्गर. न्यूयॉर्कमधले मानसशास्त्रज्ञ. दिवसभर स्वतःची प्रॅक्टिस करायचे आणि संध्याकाळी एका मोफत दवाखान्यात काम करायचे. तिथले स्वयंसेवक वर्षभरात कसे विझत जातात, ते त्यांनी पाहिलं आणि स्वतःही अनुभवलं. १९७४ मध्ये त्यांनी त्यावर लेख लिहिला.

सिस्टर: म्हणजे या दुखण्याचा पहिला रोगी आपल्याच क्षेत्रातला. आणि त्याचं निदान दवाखान्यात काम करताना झालं, घरी बसून नाही. त्यांनी उपाय काय सांगितले?

समुपदेशक: एकाच माणसाला सारखं त्याच कामावर ठेवू नये, तास मर्यादित ठेवावेत, मध्ये सुट्टी द्यावी. स्वतःकडे लक्ष देण्याबद्दलही लिहिलंय त्यांनी.

सिस्टर: पहिले तिन्ही उपाय ड्यूटी-लिस्टचे आहेत. पुढच्या पन्नास वर्षांत लोकांनी शेवटचा तेवढा उचलला, कारण तो फुकटात होतो.

समुपदेशक: फुकटात होतो म्हणून तो खोटा ठरत नाही. अमेरिकेत स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०२३ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना महिनाभर रोज पाच मिनिटं श्वसनाचा सराव करायला लावला. नाकानं श्वास घ्यायचा, वर आणखी थोडा घ्यायचा आणि मग लांब, सावकाश सोडायचा. ध्यान करणाऱ्या गटापेक्षा या गटाची मनःस्थिती जास्त सुधारली. पाच मिनिटं, सिस्टर! साधन नको, पैसा नको.

सिस्टर: मनःस्थिती सुधारली. बर्नआउट गेला का?

समुपदेशक: ते त्यांनी मोजलंच नव्हतं.

सिस्टर: मग मोजलेलं ऐक. माझ्या भाच्यानं इंग्लंडमधला एक अभ्यास वाचायला दिला होता. विल्यम फ्लेमिंग म्हणून संशोधक आहेत, २०२४ मध्ये छापला. २३३ संस्थांमधल्या ४६,३३६ कर्मचाऱ्यांची माहिती त्यांनी तपासली. माइंडफुलनेसचे वर्ग, ताणनियोजनाची शिबिरं, झोपेची आणि मनःशांतीची ॲप. या सगळ्यांत भाग घेणारे आणि न घेणारे यांच्या मनःस्वास्थ्यात फायद्याचा फरक दिसला नाही. स्वयंसेवेचं काम करणाऱ्यांमध्ये थोडा दिसला, तेवढाच.

समुपदेशक: तो अभ्यास मला माहीत आहे. पण ती एका वेळची पाहणी होती. आधीच त्रासलेली माणसंच अशा वर्गांना जास्त जात असतील, तर फरक दिसणारच नाही. त्यावरून सवयींचा उपयोग शून्य आहे, असं म्हणता येत नाही.

सिस्टर: शून्य मी म्हणतच नाही. थोडा आहे म्हणते. २०१७ मध्ये डॉक्टरांवरच्या एकोणीस अभ्यासांचा एकत्र आढावा निघाला होता, दीड हजारांवर डॉक्टरांचा. त्यात काय दिसलं? उपायांचा परिणाम एकूण लहानच होता. पण डॉक्टरला शिकवण्यापेक्षा कामाची मांडणी बदलली, तिथे तो जास्त दिसला.

समुपदेशक: आणि २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं कामाच्या ठिकाणच्या मानसिक आरोग्याबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात दोन्ही आहे. कामाची परिस्थिती बदला, वरिष्ठांना प्रशिक्षण द्या, आणि कर्मचाऱ्यांना ताण हाताळायची कौशल्यंही शिकवा.

सिस्टर: क्रम लक्षात घे. आपल्याकडे शेवटच्यापासून सुरुवात होते आणि तिथंच समारोप होतो, वर चहा-बिस्किट.

समुपदेशक: बरं. मग तुम्ही इतकी वर्षं त्या वॉर्डात कशा टिकलात? माणसं तर तेव्हाही कमीच होती.

सिस्टर: कमी? येरवड्याला २५४० खाटा, ठाण्याला १८५०, नागपूरला ९४०, रत्नागिरीला ३६५. या चार जुन्या प्रादेशिक मनोरुग्णालयांच्या मंजूर खाटांचे आकडे आम्हाला पाठ असायचे. स्टाफचे आकडे मात्र कोणाला पाठ नसायचे, कारण ते दर महिन्याला बदलायचे. कोणी निवृत्त झालं, कोणाची बदली झाली, कोणी लांबच्या रजेवर गेलं. जागा रिकामी राहायची आणि खाट भरलेली.

समुपदेशक: तेच विचारतेय. मग टिकलात कशा?

सिस्टर: ध्यान-बिन काही केलं नाही बाई मी. ओव्हर नीट द्यायचा, हा आमचा नियम. सकाळची ड्यूटी संपून दुपारची आली, की नुसतं रजिस्टर पुढे सरकवायचं नाही. दोघींनी मिळून वॉर्डात फेरी मारायची, डोकी मोजायची, किल्ल्या मोजायच्या. कोण जेवलं नाही, कोण रात्रभर फेऱ्या मारत होतं, कोणाच्या घरून आज पत्र आलं, ते बोलून द्यायचं. ‘आज त्या खिडकीजवळच्या बाईंनी मला थोबाडीत मारली आणि माझंही डोकं फिरलं होतं, तू जरा सांभाळून घे,’ हेसुद्धा त्यात यायचं. बोलून झालं की ते पेशंट तिचे. मी घरी.

समुपदेशक: आणखी?

सिस्टर: डबा एकटीनं खायचा नाही. गणवेश घालून घरी जायचं नाही, तिथंच उतरवायचा, तोंड धुवायचं, मग निघायचं. तीव्र वॉर्डात कोणाला सलग सहा महिन्यांवर ठेवायचं नाही, मग ती कितीही हुशार असो. हुशार असली तर मुळीच नाही, कारण तिच्याच गळ्यात सगळं पडतं. आणि नवी मुलगी रडली तर तिला स्टोअररूममध्ये पाठवायचं नाही, सगळ्यांसमोर चहा द्यायचा.

समुपदेशक: सिस्टर, हे सगळं काय आहे? रोजच्या सवयीच ना? तुम्ही गणवेश उतरवून तोंड धुवायचात, मी हेडफोन काढून हात धुते. कामाचा दिवस संपल्याचं शरीराला कळवायची ती एक रीत आहे. जर्मन मानसशास्त्रज्ञ साबिने झोनेन्टाग यांनी यावरच संशोधन केलंय. सुट्टीच्या वेळात मन कामातून खरोखर बाहेर आलं, तरच थकवा भरून निघतो.

सिस्टर: फरक आहे, आणि तो मोठा आहे. माझा ओव्हर ड्यूटीतच व्हायचा. डबा सगळ्यांबरोबर असायचा. वॉर्ड बदलणं माझ्या इच्छेवर नव्हतं, इन्चार्जच्या वहीत होतं. तुझे श्वास तुझे एकटीचे आहेत. एखाद्या दिवशी नाही जमले, तर तुला वाटतं, चुकलं माझंच. आधीच दमलेली, त्यात आता अपराधीही.

समुपदेशक: हे मात्र खरं आहे. झोनेन्टाग यांनीच पुढे २०१८ मध्ये यावर लिहिलं. कामाचा ताण जितका जास्त, तितकी भरपाईची गरज जास्त. आणि नेमक्या त्याच दिवसांत माणसाला विश्रांती घेणं, व्यायाम करणं, मन काढून घेणं सगळ्यात कमी जमतं. मी पाहिलंय ते. कामाचे दिवस हलके असतात, तेव्हा मी रोज चालायला जाते. अवघड आठवडा आला की सगळ्यात आधी चालणं सुटतं.

सिस्टर: म्हणजे गरज असते तेव्हाच तुझं औषध कपाटाबाहेर निघत नाही. अशा औषधावर सरकारनं आणि संस्थेनं विसंबायचं का?

समुपदेशक: पण सरकार काही करतच नाही असंही नाही. आपल्या राज्यात सरकारी कर्मचाऱ्यांना विपश्यनेच्या शिबिरासाठी रजा घेता येते. इगतपुरीला दहा दिवस जाऊन आलेली माणसं वेगळीच होऊन येतात.

सिस्टर: येतात, मी नाकारत नाही. मीही एकीला पाठवली होती. तिच्या दहा दिवसांच्या ड्यूट्या बाकीच्या तिघींनी वाटून घेतल्या, दोघींनी डबल केल्या. ती शांत होऊन आली तोवर या तिघी पेटलेल्या. रजा कागदावर देणं सोपं असतं. रजेच्या जागी माणूस देणं, ही खरी रजा.

समुपदेशक: ठीक आहे. आता एक मुद्दा माझा, आणि तो ड्यूटी-लिस्टनं सुटणार नाही. आमच्या कामात दुखतं ते नुसते तास जास्त म्हणून नाही. दुसऱ्याचं दुःख आपलं होतं म्हणून दुखतं. टानिया सिंगर आणि ओल्गा क्लिमेकी यांनी युरोपात प्रयोग केले. एकाच गटाला आधी समोरच्याच्या वेदनेत शिरायला शिकवलं, तेव्हा त्यांची स्वतःची अस्वस्थता वाढली. मग त्यांनाच करुणेचा सराव दिला. म्हणजे त्याच्या दुःखात बुडायचं नाही, त्याचं भलं व्हावं या इच्छेवर मन ठेवायचं. तेव्हा ती अस्वस्थता उतरली. हे कौशल्य आहे. दहा जास्तीची माणसं भरलीत, तरी हे प्रत्येकाला स्वतःच शिकावं लागेल.

सिस्टर: हं. हे मला पटतं.

समुपदेशक: आणि मनातल्या अटी. अल्बर्ट एलिस यांचा विवेकनिष्ठ विचार आपल्याकडे कि. मो. फडक्यांनी मराठीत रुजवला. आपण तो रोज दुसऱ्यांना सांगतो, स्वतःला लावत नाही. ‘माझ्याकडे आलेला प्रत्येक माणूस वाचलाच पाहिजे, नाहीतर मी नालायक,’ ही अट घेऊन कोणी हेल्पलाइनवर बसलं, तर तासांची मर्यादा घालूनही ती व्यक्ती खचणार. मी रोज शिफ्ट संपली की वहीत एक ओळ लिहिते. आज मी कोणती अट स्वतःवर लादली? कधी कधी ते वाचून हसू येतं.

सिस्टर: लिही, जरूर लिही. पण तुझ्या आयसीडीमधली दुसरी खूण आठव. कडवटपणा, मन तुटणं. ती ज्याला झालेली असते, त्याला स्वतःला दिसत नाही. नवी सिस्टर येते, ‘आजोबा, जेवलात का?’ विचारते. काही महिन्यांनी तीच ‘ए, तीन नंबर, उठ’ म्हणायला लागते. घरी जाऊन ती वही लिहील, तर त्यात हे येणारच नाही, कारण तिच्या कानाला ते लागलेलंच नसतं. ते शेजारची सिस्टर ऐकते. आणि शेजारची बोलू शकेल असा वेळ आणि असं वातावरण असेल, तरच ती बोलते.

समुपदेशक: म्हणजे सोबतीचा आरसा हवा.

सिस्टर: आरसा-बिरसा नको. ठरलेली बैठक हवी. वार, वेळ आणि खोली ठरलेली.

समुपदेशक: याचं एक चांगलं उदाहरण आपल्या शेजारीच आहे. गोव्यात १९९६ साली सुरू झालेली संगाथ ही संस्था. तिथं मानसशास्त्राची पदवी नसलेल्या स्थानिक लोकांना समुपदेशक म्हणून तयार केलं आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांत नैराश्याच्या रुग्णांसाठी बसवलं. सहा ते आठ भेटींचा उपचार. तो लागू पडतो, हे २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलं. मला त्यातली रीत फार आवडते. हे समुपदेशक आठवड्याला एकत्र बसायचे, एकमेकांच्या भेटींची ध्वनिमुद्रणं ऐकायचे आणि एका ठरलेल्या पट्टीवर गुण द्यायचे. तज्ज्ञ नेहमी वर बसलेला नसायचा, गटच गटाला शिकवायचा.

सिस्टर: ते थकवा घालवण्यासाठी करत होते?

समुपदेशक: नाही, उपचाराचा दर्जा राखण्यासाठी. पण आपण कुठे अडलो ते आपल्यासारख्याच चार जणांपुढे उघड करायचं आणि त्यावर बोलायचं, यात ‘माझ्या हातून काही होत नाही’ या भावनेवरचा उपाय आपोआप येतो. लंडनमध्ये १९५० च्या दशकात मायकेल आणि एनिड बालिंट यांनी डॉक्टरांचे असेच गट सुरू केले होते. आजाराची चर्चा कमी आणि ‘या पेशंटचं नाव ऐकलं की मला पोटात गोळा का येतो,’ याची जास्त. त्याला बालिंट गट म्हणतात, जगभर चालतात.

सिस्टर: हे मला मान्य. बघ, हे ‘वेलनेस’ नव्हे, हे काम आहे. कामाच्या तासांत करायचं, हजेरीत धरायचं.

समुपदेशक: आता सगळ्यात कठीण गोष्ट. पेशंट जातो तेव्हा.

सिस्टर: आत्महत्या.

समुपदेशक: हो. अमेरिकेत १९८८ मध्ये पाहणी झाली होती. तिथल्या ५१ टक्के मानसोपचारतज्ज्ञांनी आणि २२ टक्के मानसशास्त्रज्ञांनी स्वतःचा पेशंट आत्महत्येने गमावला होता. म्हणजे या पेशात हा अपवाद नाही, बऱ्याच जणांच्या वाट्याला येणारा प्रसंग आहे. तरी तो आला की पहिला प्रश्न येतो, नोंद पूर्ण होती का? कॉल किती मिनिटांचा होता? मला तर वाटतं, त्याच दिवशी सगळ्यांना एकत्र बसवून मन मोकळं करायला लावावं.

सिस्टर: लावू नये. ‘लावणं’ हाच त्यात दोष आहे. असं एकदाच बसवून सगळं बोलून घेण्यानं पुढचा मानसिक आघात टळत नाही, हे संशोधनातून दिसलंय. जागतिक आरोग्य संघटनाही तसं करू नका म्हणते. ज्याला बोलायचं नाही त्याला बोलतं करणं, हाही एक मारच असतो. तेव्हा काय करायचं? जिचा पेशंट गेला, तिची त्या दिवशीची उरलेली ड्यूटी दुसऱ्याला द्यायची. तिला घरी सोडायला कोणीतरी जायचं. चौकशी करायची ती कागदाची, त्या मुलीची नाही. आणि पंधरा दिवसांनी, महिन्यानं पुन्हा विचारायचं, कशी आहेस? पहिल्या दिवशी सगळेच विचारतात.

समुपदेशक: यातलं ‘पंधरा दिवसांनी विचारणं’ ही कोणाची तरी सवयच असावी लागेल.

सिस्टर: इन्चार्जच्या डायरीतली तारीख असावी लागेल. सवय विसरते, तारीख विसरत नाही.

समुपदेशक: आणखी एक गट आहे, ज्याच्याकडे ना इन्चार्ज असते ना डायरी. २०१५ मध्ये राज्यात प्रेरणा प्रकल्प सुरू झाला, शेतकरी आत्महत्या जास्त असलेल्या चौदा जिल्ह्यांसाठी. आशाताई घरोघर जाऊन प्रश्नावली भरायच्या, कोणाच्या मनात काय चाललंय ते विचारायच्या. त्या गावच्याच. ज्या घरात विचारायचं, ते घर नात्यातलं किंवा ओळखीचं. उत्तर ऐकून त्या घरी येतात, आणि घरीही कर्ज तेच, पाऊस तोच. त्यांना मी श्वसन शिकवायचं का?

सिस्टर: तूच सांग.

समुपदेशक: शिकवेन. पण आधी त्यांनी ऐकलेलं कोणाला सांगायचं, तो माणूस आणि त्याचा नंबर देईन. तो नंबर लागतोय का, हेही दर आठवड्याला बघेन. त्यांना मिळतं ते मानधन, आणि जिल्हा पातळीवरचे आमचे कितीतरी सहकारी अकरा महिन्यांच्या आदेशावर. ज्याला पुढच्या वर्षी आपण इथं असू का ठाऊक नाही, त्याला ‘वर्तमानात राहा’ असं सांगायला माझी जीभ रेटत नाही.

सिस्टर: आलीस की माझ्या बाजूला.

समुपदेशक: नाही आले. माझं म्हणणं अजून तेच आहे. कायम नोकरी मिळाली, माणसं भरली, तरी रोज दुसऱ्याची भीती ऐकणाऱ्याला स्वतःचं मन रोज निगुतीनं आवरावंच लागेल. तुमच्या काळी कायम नोकऱ्या होत्या. तरी ‘ए, तीन नंबर’ म्हणणारी सिस्टर होतीच ना?

सिस्टर: होती. एक नव्हे.

समुपदेशक: मग?

सिस्टर: मग असं करू. समज, उद्या ड्यूटी-लिस्ट तुझ्या हातात दिली. काय लिहिशील?

समुपदेशक: शिफ्ट बदलताना पंधरा मिनिटं दोन्ही शिफ्टची माणसं एकत्र, कॉलचा ओव्हर द्यायला. जड कॉलनंतर दहा मिनिटं लाइन बंद ठेवायचा हक्क, कारण न विचारता. त्या दहा मिनिटांत श्वास घ्या, चहा घ्या, नाहीतर नुसतं भिंतीकडे बघा. आठवड्याला एक तास गटाची बैठक, कॉल ऐकून. सलग रात्रपाळ्यांना मर्यादा. आणि रजेवर गेलेल्याच्या जागी माणूस.

सिस्टर: मी त्यात दोन गोष्टींची भर घालते. ती दहा मिनिटं कोणी किती घेतली, याचा तक्ता काढायचा नाही. नाहीतर वर्षाअखेरीला ‘तुम्ही फार विश्रांती घेता’ म्हणून शेरा येईल. आणि ध्यान, योगासनं सक्तीची नकोत. ज्याला भजनात बरं वाटतं त्यानं भजन करावं, ज्याला कॅरममध्ये त्यानं कॅरम खेळावा. आमच्या इथल्या एका ब्रदरला फक्त मोटरसायकल पुसत बसलं की बरं वाटायचं.

समुपदेशक: आणि माझ्या घरच्या पंधरा मिनिटांचं काय?

सिस्टर: ती तुझी. त्यांचा हिशेब संस्थेनं स्वतःच्या अहवालात दाखवायचा नाही, एवढंच माझं म्हणणं.

दोघींचा वाद इथे मिटत नाही, आणि तो मिटायला हवा असंही नाही. निकाल मात्र देता येतो. रोजच्या सवयींचा उपयोग आहे. पण त्या ज्या दिवशी सगळ्यात जास्त लागतात, त्याच दिवशी एकट्या माणसाच्या हातून निसटतात. म्हणून टिकणारी सवय तीच, जी ड्यूटीच्या वेळेत बसते, सहकाऱ्यांबरोबर होते आणि चुकली तर ज्याचा जाब कर्मचाऱ्याला नव्हे, व्यवस्थेला विचारला जातो. घरी केलेला श्वसनाचा सराव हा माणसाचा स्वतःचा ठेवा आहे. संस्थेनं तो स्वतःची जबाबदारी म्हणून खपवू नये.

रुग्णालय, हेल्पलाइन, पुनर्वसन केंद्र किंवा शाळेतला समुपदेशन कक्ष चालवणाऱ्यांना म्हणून एकच विनंती. यंदा १० ऑक्टोबरला वक्ता बोलवायचा असेल तर जरूर बोलवा. पण त्याआधी पुढच्या महिन्याच्या ड्यूटी-लिस्टमध्ये दोन ओळी वाढवा: शिफ्ट बदलतानाची पंधरा मिनिटं आणि आठवड्याची एका तासाची बैठक. या दोन ओळींसाठी नवी इमारत लागत नाही, ॲप लागत नाही. लागतात ती थोडी जास्तीची माणसं, आणि ती मागणं हे तुमचंच काम आहे.